तेरा तासांचा रोजा, तीन तासांचे खाणे

पहाटे साडेचारच्या सुमारास कामोठ्यातल्या इमारतींवर नजर टाकली तर मोजक्या खिडक्यांत दिवे दिसतात. काही दिवे सहरीचे, काही अभ्यासाचे आणि पुष्कळसे दोन्हींचे. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंची फेरी पूर्ण करतो. सध्या ही फेरी नेमकी दहावी-बारावीच्या परीक्षांच्या हंगामात आली आहे.

कामोठ्यात विद्यार्थी पुष्कळ. सिडकोने आखलेले हे सेक्टर, कडेने जाणारा शीव-पनवेल महामार्ग, मानसरोवर आणि खांदेश्वर ही जवळची स्थानके, शिवाय सेक्टर १ मध्ये महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. त्यामुळे राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुले-मुली इथे वसतिगृहात किंवा चौघांत एक फ्लॅट घेऊन राहतात. घरी असताना सहरीला आई उठवायची, ताटात काय असावे तेही तीच ठरवायची. इथे ते काम मोबाइलच्या गजराकडे असते आणि गजर बंद करायला एक बोट पुरते.

मग अनेक खोल्यांत रमजानचा दिवस असा जातो. पहाटे उठायला नको म्हणून रात्री दीड-दोनला बिर्याणी खाऊन झोपायचे. सकाळी डोळे चोळत कॉलेज, दुपारी पुन्हा झोप. संध्याकाळी इफ्तारला गाडीवरचे समोसे, भजी, खिमा पॅटीस आणि लाल सरबताचे दोन-तीन ग्लास. तरावीहनंतर मित्रांबरोबर फालुदा. तेरा तास पोटात काही नाही, पण उरलेल्या वेळेतल्या तीन-चार तासांत मात्र तोंड थांबत नाही. महिना संपतो आणि पँटचे बटण लागेनासे होते. ‘एवढे रोजे धरले, तरी वजन वाढले कसे?’ हा प्रश्न ईदच्या दिवशी बऱ्याच घरांत ऐकू येतो.

शेजारच्या दारातल्या काकूंना याचे उत्तर ठाऊक असते. एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, बटाट्याची भाजी आणि वर साखर घातलेले रताळे, हा उपवास आणि तळणीचा इफ्तार सख्खे भाऊ शोभतील. पोटाला दोन्ही सारखेच.

हिशेब अवघड नाही. शरीरात एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. मध्यम आकाराचा तळलेला समोसा अडीचशे कॅलरींच्या घरात जातो. गरजेपेक्षा असा एकच समोसा रोज जास्त झाला तरी तीस दिवसांत ७,५०० कॅलरी होतात, म्हणजे जवळजवळ किलोभर वजन. सरबत आणि फालुदा अजून मोजलेलेच नाहीत. उलट बाजूही फार मोठी नाही. रमजानमध्ये वजन किती उतरते यावर अनेक देशांत अभ्यास झाले. सरासरी घट किलोभराच्या आसपास निघाली आणि ईदनंतरच्या काही आठवड्यांत त्यातले बरेचसे वजन परत आले. रोजा हा वजन उतरवण्याचा कार्यक्रम नाही आणि तसा तो कधी सांगितलाही गेलेला नाही. पण जेवणाच्या सवयींवर हात ठेवायला वर्षात यापेक्षा सोयीचा महिना मिळत नाही, हेही खरे.

सुरुवात सहरीपासून करावी, कारण परीक्षेच्या काळात सगळ्यात महाग पडते ती चुकवलेली सहरी. शेवटच्या जेवणानंतर काही तास यकृत आपल्याकडची साठवलेली साखर रक्तात सोडत राहते. तो साठा कमी होऊ लागला की शरीर चरबीकडे अधिक वळते. रात्री दीडला जेवलेल्या मुलाचा हा साठा सकाळी अकराच्या पेपरात ओसरत असतो, पाचला जेवलेल्याचा त्याच वेळी बऱ्यापैकी शिल्लक असतो. ताटात ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, दोन अंडी नाहीतर मुगाची उसळ, वाटीभर दही आणि एखादे फळ असावे. भाकरी आणि उसळ हळू पचतात, पोट जास्त वेळ भरलेले राहते. लोणचे-पापड टाळले तर दुपारची तहान कमी होते. खोलीवर राहणाऱ्यांनी डबेवाल्या मावशींना रात्रीच्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त द्यायला सांगावे, अंडी उकडायला तर किटलीसुद्धा चालते.

पहिल्या दोन-तीन रोज्यांना होणारी डोकेदुखी भुकेची असते असे सगळे समजतात. दिवसाला पाच-सहा कप चहा पिणाऱ्याला ती बहुतेक वेळा चहा तुटल्याची असते. रमजानच्या आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करत आणावा.

इफ्तारची पद्धत तर तयारच आहे. खजूर आणि पाण्याने रोजा सोडून आधी मगरिबची नमाज पढायची, मग जेवायचे. ही दहा मिनिटांची फट मोठ्या कामाची. पोटात काहीतरी गेल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि तो पोहोचण्याआधी चार भजी सहज संपतात. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही पैगंबरांची शिकवण बहुतेक मुलांनी मदरशात ऐकलेली असते, समोशांच्या थाळीसमोर ती आठवणे तेवढे कठीण. पाणी एकदम लिटरभर न पिता इफ्तार ते सहरी या वेळेत वाटून प्यावे. लाल सरबताऐवजी पाण्यात सब्जा किंवा बिनसाखरेचे कोकम घेतले तर रायगडातल्या मार्चच्या घामटपणात अधिक मानवते.

तरावीहच्या वीस रकातांत वीस वेळा रुकू आणि चाळीस वेळा सजदा होतो. दिवसभर खुर्चीत वाकून बसलेल्या पाठीला आणि गुडघ्यांना हे चांगलेच आहे, पण सगळा व्यायाम त्यात झाला असे मानू नये. जागतिक आरोग्य संघटना १७ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे आणि त्यापुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे हालचाल सांगते. इफ्तारच्या अर्धा तास आधी सेक्टरच्या रस्त्यांवर सावकाश चालणे किंवा इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी हलके वजन उचलणे जमण्यासारखे आहे. दुपारी तीनला, घोटभर पाण्याशिवाय, ‘चरबी जळेल’ म्हणून जिममध्ये घाम गाळणारी पोरे दिसतात. त्यांचे उतरलेले वजन बहुतांशी पाणी असते आणि ते रात्री परत येते. चक्कर येते ती वेगळीच.

हकीम ओलाजुवानचे उदाहरण ही पोरे हमखास देतात. ते खरेच आहे. ह्यूस्टन रॉकेट्सचा हा बास्केटबॉलपटू सामन्याच्या दिवशीही रोजा ठेवत असे आणि फेब्रुवारी १९९५ च्या रमजानमध्ये तो एनबीएचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फक्त त्याच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव आणि संघाचे डॉक्टर होते, हे सांगायचे राहून जाते. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना वेस्ली फोफानासाठी मध्येच क्षणभर थांबला, त्याने रोजा सोडला आणि खेळ पुढे सुरू झाला. व्यावसायिक खेळाडूलासुद्धा वेळेवर पाणी लागते.

वजन मोजायचेच तर आपल्याकडचे माप वापरावे. भारतीय शरीरात पोटाभोवतीची चरबी लवकर साठते, म्हणून इथे बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात. १७० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे वजन ६८ किलो असले तरी तो या रेषेच्या थोडा वर असतो. दुसरे टोक मात्र कुणी बोलून दाखवत नाही. १६० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचे वजन ४७ किलोंच्या खाली असेल, तर ते आधीच कमी आहे. तरीही सहरी टाळून आणि इफ्तारला फक्त दोन खजूर खाऊन बारीक होण्यासाठी रमजान वापरणाऱ्या मुली आहेत, आणि ‘किती श्रद्धाळू!’ म्हणून त्यांचे कौतुकही होते. चेहरा फिका पडणे, केस गळणे, पाळी लांबणे, पुस्तकात मन न लागणे ही लक्षणे दिसली तर मैत्रिणींनी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. आजारी आणि प्रवासी माणसाला कुरआननेच रोज्यातून सूट दिली आहे, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या मुलाने तर रमजान येण्याआधीच डॉक्टरांशी बोललेले बरे.

काट्यावर उभे राहायचा दिवस ईदचा नव्हे. त्या दिवशी शिरखुर्म्याच्या वाट्या शेजारच्या काकूंकडेही जातात आणि परत येताना रिकाम्या येत नाहीत. काट्याकडे दोन आठवड्यांनी जावे. तोवर कॅन्टीनचा अकराचा वडापाव पुन्हा सुरू झालेला असतो आणि खरा आकडा तेव्हा दिसतो.