शस्त्र परवाना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात बंदूक, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल कोणी, कशासाठी आणि कसे बाळगावे, हे शस्त्र अधिनियम, १९५९ या कायद्याने ठरते. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात आला. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत आणि कायद्यातील अलीकडची मोठी दुरुस्ती डिसेंबर २०१९ मधली आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०१६ च्या अखेरीस देशात ३३.६९ लाख शस्त्र परवाने चालू होते. त्यांतले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार होते. म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांचा परवान्याच्या बंदुकीशी कधी संबंधच येत नाही. तिच्याविषयीचे समज चित्रपट, अमेरिकेतल्या बातम्या आणि गुन्हेवृत्ते यांवर पोसले जातात आणि त्यांतले बरेचसे कायद्याशी जुळत नाहीत.

गैरसमज : शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे.

वस्तुस्थिती : हा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेतला आहे. तो १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने आला आणि तो व्यक्तीचा हक्क असल्याचे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. भारतीय राज्यघटनेत तसे कलम नाही. मूलभूत स्वातंत्र्ये सांगणाऱ्या कलम १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख येतो तो उलट अंगाने: नागरिकांना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, पण ते शांततेने आणि विनाशस्त्र.

हा मुद्दा घटनाकारांच्या नजरेतून निसटलेला नव्हता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना तीतून सूट दिली. हा अपमान राष्ट्रीय चळवळीला कायम सलत राहिला. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. पुढे घटना समितीत ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. ती मागणी परक्या सत्तेच्या काळातली होती, आता परिस्थिती बदलली आहे, आणि प्रत्येकाला बाजारातून हवे ते हत्यार बिनदिक्कत विकत घेता आले तर राज्यकारभार चालवणे शक्य होणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती मान्य झाली नाही. उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही देशांमधल्या याच फरकावर बोट ठेवले.

हक्क नाही म्हणून अधिकाऱ्याला मनमानी करता येते, असे मात्र नाही. परवाना नाकारताना कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्या आदेशावर अपील करता येते. परवान्यातूनच सूट असलेला एक गटही देशात आहे. कर्नाटकातील कोडगूच्या कोडवा समाजाला ब्रिटिश काळापासून ही सूट आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली.

गैरसमज : परवाना फक्त श्रीमंतांना मिळतो, त्यासाठी मालमत्ता दाखवावी लागते.

वस्तुस्थिती : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे कायद्याचे कलम १४ स्पष्ट सांगते. कायदा पाहतो त्या गोष्टी वेगळ्या आहेत. अर्जदाराचे वय २१ पूर्ण असावे लागते. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावास झाला असेल, तर शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षे उलटावी लागतात. ज्याच्याकडून शांतता राखण्याचे बंधपत्र घेतले आहे त्याला त्या मुदतीत शस्त्र बाळगता येत नाही. अर्ज जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे जातो. स्थानिक पोलीस ठाणे चौकशी करून अहवाल देते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो.

गैरसमज : एकदा परवाना मिळाला की कोणतेही शस्त्र घेऊन कुठेही फिरता येते.

वस्तुस्थिती : परवान्याचे पुस्तक उघडले की या समजाचे उत्तर मिळते. धारकाच्या छायाचित्राबरोबर त्यात देशभरात एकमेव असलेला ओळख क्रमांक असतो. शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीचा आतला व्यास) आणि शस्त्रावर ठोकलेला क्रमांक नोंदलेला असतो. किती काडतुसे जवळ ठेवता येतील, परवाना एका जिल्ह्यापुरता आहे, राज्यापुरता की देशभर, आणि त्याची मुदत कधी संपते, हेही त्यातच लिहिलेले असते. अधिकृत विक्रेता काडतुसे देताना त्याची नोंद ठेवतो. पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना असलेल्याला नऊ एमएमचे पिस्तूल घेता येत नाही, कारण ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि त्याचा परवाना जिल्ह्याच्या हातात नसून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या नावावरील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. शस्त्र बाहेर नेताना ते झाकलेले असावे लागते. जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा शाळा-महाविद्यालयाचे आवार अशा ठिकाणी ते नेता येत नाही. चारचौघांत पिस्तूल काढून दाखवणे हेदेखील परवाना रद्द होण्यास पुरेसे कारण आहे.

गैरसमज : परवाना घराचा असतो; वडिलांनंतर बंदूक आपोआप मुलाची होते.

वस्तुस्थिती : परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नव्हे. धारकाचा मृत्यू झाला की त्या क्षणापासून घरातल्या बंदुकीला परवान्याचे छत्र राहत नाही. वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायची असते. वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करून परवाना मिळवला, तर ती परत मिळते. धारकाचे वय ७० झाले किंवा त्याने २५ वर्षे शस्त्र बाळगले असेल, तर हयातीतही ते वारसाकडे सोपवण्याची तरतूद आहे. तेव्हाही वारसाचा परवाना आधी लागतो. आजोबांची म्हणून माळ्यावर पडलेली ठासणीची बंदूक 'जुनी आहे' म्हणून सुटत नाही. पुराणवस्तू म्हणून सूट मिळते ती दुरुस्ती करूनही चालणार नाही अशा शस्त्राला.

गैरसमज : परवान्याची बंदूक असली की घरात शिरलेल्या चोरावर गोळी झाडता येते.

वस्तुस्थिती : स्वसंरक्षणाचा अधिकार परवान्यातून येत नाही. तो १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो परवाना नसलेल्यालाही तितकाच आहे. त्याची मुख्य मर्यादा: बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ. मालमत्तेच्या रक्षणासाठी जीव घेण्यापर्यंत जाता येते ते जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या काळातली घरफोडी, घराला आग लावणे किंवा मृत्यू अथवा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी, अशा मोजक्याच प्रसंगांत. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर गोळी झाडली, तर बचावाची वेळ टळून गेलेली असते. मग प्रश्न परवान्याचा उरत नाही, खुनाचा किंवा सदोष मनुष्यवधाचा होतो.

गैरसमज : शेतीसंरक्षणाच्या बंदुकीने रानडुक्कर मारायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : कोकणात आणि विदर्भात हा प्रश्न रोजचा आहे. भात किंवा हरभरा उभा असताना रात्रीत शेत लोळवणारे डुक्कर शेतकऱ्याचे खरोखरच नुकसान करते. शेतीसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याची मुभा देतो. शिकारीवरची बंदी तो उठवत नाही. ती बंदी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ची आहे. उभ्या पिकाला उपद्रव देणारा प्राणी मारण्याची परवानगी त्या कायद्यात वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन विभागाकडेही नाव नोंदवायचे असते. तिथे नवा परवाना देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते.

गैरसमज : शस्त्र कायदा फक्त बंदुकांचा आहे.

वस्तुस्थिती : कायद्यातील 'शस्त्र' या शब्दात धारदार हत्यारेही येतात. तलवार, गुप्ती, भाला, खंजीर आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा यांची नावे नियमांच्या परिशिष्टात आहेत. सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात त्यांनाही परवाना लागतो. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी घडवलेल्या वस्तू, लाठी आणि साधी काठी 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. त्यामुळे ऊसतोडीचा कोयता फडात अवजारच असतो. तोच रस्त्यावर दहशतीसाठी फिरवला की पोलीस शस्त्र कायद्याबरोबर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ लावतात. त्या कलमाखालच्या मनाई आदेशात लाठीकाठीसुद्धा येऊ शकते. शिखांच्या कृपाणाला राज्यघटनेच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणाने संरक्षण दिले आहे. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्याहून दमदार एअरगनला लागतो.

गैरसमज : लग्नात हवेत बार काढला तर कोणाचे काय बिघडते?

वस्तुस्थिती : वर गेलेली गोळी खाली येतेच. नळी जरा तिरकी असली तरी गोळी बराच वेग टिकवून मांडवापासून दूर, भलत्याच माणसावर पडते. लग्न, सभा किंवा धार्मिक स्थळी असा बार काढणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

गैरसमज : गुन्हे बेकायदा शस्त्रांनी होतात, म्हणून परवान्याच्या शस्त्रांवर नजर ठेवणे व्यर्थ आहे.

वस्तुस्थिती : या विधानाचा पहिला भाग खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बंदुकीने झालेल्या खुनांमध्ये विनापरवाना शस्त्रांचाच वाटा मोठा दिसतो. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या जिनिव्हातील संस्थेने २०१७ मध्ये भारतातील नागरिकांकडे ७.११ कोटी बंदुका असल्याचा अंदाज केला. त्यांतल्या फक्त ९७ लाख नोंदणीकृत होत्या. गावठी कट्ट्यांसाठी बिहारमधील मुंगेर जुनेच बदनाम आहे. महाराष्ट्रात पकडलेल्या पिस्तुलांचा माग अनेकदा मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टी गावापर्यंत जातो. ते जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून आहे. म्हणूनच २०१९ मध्ये बेकायदा निर्मिती आणि विक्रीची शिक्षा सात वर्षे ते जन्मठेप अशी झाली. विनापरवाना बंदूक बाळगण्याला दोन ते पाच वर्षे आहेत.

परवान्याच्या शस्त्राचा धोका वेगळ्या वाटेने येतो. रागाच्या भरात, आत्महत्येच्या क्षणी, मुलाच्या हाती लागून किंवा दुसऱ्याने उचलून ते वापरले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. पोलीस तपासात सांगितले गेले, की पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते आणि परवानाही त्या अंगरक्षकाच्याच नावावर होता. कुलूपबंद कपाट, परवान्याच्या नूतनीकरणावेळची चौकशी आणि शस्त्र दुसऱ्याच्या हाती न देण्याची अट या तरतुदी नेमक्या अशाच प्रसंगांसाठी आहेत. कट्टे रोखण्याचे काम सीमेवरच्या आणि तपासातल्या पोलिसांचे. परवान्याचे शस्त्र जागच्या जागी राहावे हे काम धारकाचे आणि परवाना देणाऱ्याचे. एक केले म्हणून दुसरे टळत नाही.

गैरसमज : निवडणूक आली की सगळ्यांनाच शस्त्रे जमा करावी लागतात.

वस्तुस्थिती : सरसकट जमा करण्याचा नियम नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती बसते आणि प्रकरणनिहाय निर्णय घेते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले आणि पूर्वी, विशेषतः निवडणूक काळात, दंगलीत सहभागी असलेले परवानाधारक तिच्या नजरेखाली प्रथम येतात. जमा करून घेतलेल्या शस्त्राची पोचपावती दिली जाते आणि निकालानंतर ठरलेल्या मुदतीत ते धारकाला परत केले जाते.