मृत्युपत्र करण्यापूर्वी जाणत्याचा सल्ला

विहीर खणावयाची झाली म्हणजे आपण पाणाड्यास विचारतो. बैल घ्यावयाचा झाला म्हणजे बाजारात दोन जाणती माणसे बरोबर नेतो. परंतु ज्या जमिनीत जन्म घातला, ती आपल्या पश्चात कोणाकडे जावी हे ठरविणारा कागद मात्र आपल्यापैकी पुष्कळजण एखाद्या जुन्या मृत्युपत्राची नक्कल करून एका दुपारी उरकून घेतात. त्या दिवशी वकिलाची फी वाचते खरी. पण पुढे कज्जा उभा राहिला, म्हणजे तीच फी मुलांना तारखेगणिक भरावी लागते.

यावर कोणी म्हणेल, मृत्युपत्रास कायद्याने असे मोठे सोपस्कार कोठे सांगितले आहेत? ते खरेच आहे. साधा कागद चालतो. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी करणे हितावह असले तरी सक्तीचे नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे करणाराची सही किंवा अंगठा आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे पुरे होते. मग वकील कशास पाहिजे? याचे उत्तर असे की, चांगल्या सल्लागाराचे मुख्य काम लिहिण्याचे नसून विचारण्याचे असते. लिहिणारा आपण सांगू ते लिहितो. जाणता मनुष्य आपल्यास न सुचलेले प्रश्न विचारतो.

एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याची बारा एकर जमीन आहे. घरी पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहे. प्रत्येक मुलास सहा एकर द्यावी, पत्नीने हयातभर मळ्याचे उत्पन्न खावे, आणि आजारपणात मदत केलेल्या शहरातील एका स्नेह्यास मुलांच्या हिश्श्यांतून एक एकर द्यावी, असा त्याचा मनोदय आहे. हेतू सरळ व प्रेमाचा आहे. परंतु प्रत्येक वाक्यात एकेक खाचखळगा आहे.

पहिला प्रश्न : ही जमीन सर्वस्वी तुमची आहे काय? सातबाऱ्यावर एकट्याचे नाव असले म्हणजे एकट्याची मालकी असतेच असे नाही. जमीन एकत्र कुटुंबाची असेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या ३० व्या कलमाने त्यास केवळ आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीसही जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला आहे, व सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो स्पष्ट केला आहे. तेव्हा ‘मुलीस लग्नात दिले, आता काही नाही’ हे वाक्य अशा जमिनीत तिचा हिस्सा बुडवू शकत नाही. उलट, हीच जमीन त्याच्या वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली असून ते १९५६ नंतर वारले असतील, तर त्यास मिळालेला वाटा सामान्यतः त्याची स्वतंत्र मिळकत होय. दोन्ही जमिनींस आपण ‘वडिलार्जित’ असेच म्हणतो. पण कायद्याच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या आहेत. हा भेद जुने फेरफार वाचूनच कळतो. मुसलमान बांधवांचा नियम याहून वेगळा आहे : वारसांच्या संमतीवाचून एक-तृतीयांशाहून अधिक मिळकत त्यांस सामान्यतः मृत्युपत्राने देता येत नाही.

दुसरा प्रश्न : ज्यास द्यावयाची, त्यास ती घेता येईल काय? १९४८ च्या कुळकायद्याने शेतकरी नसलेल्यास शेतजमीन देण्यावर निर्बंध घातले आहेत. मुंबई इलाख्यातील हाच कायदा गुजरातेतही चालत आला. तेथील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असे ठरविले की, मृत्युपत्राने दिलेली जमीनही या निर्बंधातून सुटत नाही. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचा स्नेही स्वतः शेतकरी नसेल, तर ते एक एकर कागदावरच राहावयाचे. त्याऐवजी त्यास रोख रक्कम ठेवणे शहाणपणाचे. कुळकायद्याने मिळालेल्या व भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनींच्या अटीही अशाच तपासून घ्याव्या.

तिसरा प्रश्न : शब्द नेमके आहेत काय? ‘पत्नीने हयातभर खावे’ हे वाक्य साधे दिसते. परंतु तिला केवळ उपभोग मिळाला की पूर्ण मालकी, यावर १९५६ च्या कायद्याच्या १४ व्या कलमाखाली कित्येक कज्जे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. तसेच सहा सहा एकर वाटली. पण विहीर कोणाच्या वाट्यात? दुसऱ्याचे पाणी कोठून जावयाचे? गाडीवाट कोणत्या बांधाने? सोसायटीचे कर्ज कोणी फेडावयाचे? मृत्युपत्रानंतर घेतलेल्या जमिनीचे काय? भाऊ एकरांवरून फारसे भांडत नाहीत. ते पाण्यावरून व वाटेवरून भांडतात.

शेवटचा प्रश्न पुराव्याचा. मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करावयाचे, तर साक्षीदार हयात व साक्ष देण्याजोगा असल्यास निदान एकाची साक्ष घ्यावी लागते. म्हणून साक्षीदार आपल्याहून तरुण, निरोगी व ज्यांस त्यातून काही मिळावयाचे नाही असे असावे. ज्यास लाभ व्हावयाचा, त्यानेच धावपळ करून कागद करविला असेल, तर न्यायालयास संशय येतो व तो दूर करण्याचा भार त्याच्यावरच पडतो. याकरिता मुलाच्या वकिलाकडे न जाता स्वतः निवडलेल्या वकिलाकडे जावे व आपला मनोदय एकट्याने सांगावा.

जाताना सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, खरेदीखते, पूर्वीचे वाटणीपत्र आणि कर्जाचे कागद बरोबर न्यावे. वारसांची नावे लिहून न्यावी. त्यांत मुलींची नावे वगळू नयेत. मसुदा घरी आणून शांतपणे वाचावा. न समजलेला प्रत्येक शब्द विचारून घ्यावा. पुढे परिस्थिती पालटली तर मृत्युपत्रही बदलता येते.

हे सर्व अंथरुणास खिळल्यावर होत नाही. हातपाय धड आहेत व बुद्धी स्थिर आहे तोच, सुगी आटोपल्यावर एक दिवस यासाठी काढावा. बांध नीट घातला नाही तर पहिल्याच वळवाने माती वाहून जाते. मृत्युपत्र नीट झाले नाही तर भावाभावांतील माया वाहून जाते, आणि ती पुन्हा भरून काढता येत नाही.