आगीत शिरणाऱ्याचे देणे

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि अग्निशमन जवानांची शर्थ साऱ्या कोल्हापूरने पाहिली. मुंबईच्या काळबादेवीत, ऐन व्यापारी पेठेत, मे 2015 मध्ये गोकुळ निवासच्या आगीने दलाचे चार अधिकारी हिरावून नेले. अशा जवानाचे देणे कोणाच्या खाती मांडायचे?

1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने ते प्रथम नियोक्त्याच्या नावे मांडले; अग्निशमन सेवेचा उल्लेख त्याच्या अनुसूचीतच होता. इजा कामामुळे आणि काम करीत असताना झाली, एवढे पुरे. नियोक्त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू झाल्यास विहित मर्यादेतील मासिक वेतनाच्या 50 टक्क्यांस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून रक्कम काढतात. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हाच पाया राखला.

इजेस तिसराच कोणी जबाबदार असेल, तर भरपाई देणारा नियोक्ता ती त्याच्याकडून वसूल करू शकतो. मात्र वाटेत वाहनाची धडक बसल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 167 नुसार जखमीला दोहोंपैकी एकच दावा करता येतो. तो वकिलाच्या सल्ल्याने निवडावा.

हा ‘तिसरा’ आपणही असू शकतो. लक्ष्मीपुरीतील गोदामाचा जिना मालाने अडवला, जुनी वायरिंग तशीच ठेवली, तर त्याची किंमत आपल्यासाठी आत शिरलेला जवान मोजतो. दिवाळीच्या वहीपूजनाआधी वाट मोकळी करावी, वायरिंग तपासून घ्यावी. भरपाईने घर चालते. घरचा माणूस परतत नाही.