एकच शिराझ, बाटल्या अनेक

पिस्कॅटवेच्या आमच्या मित्रमंडळात पॉटलकला नाशिकची वाइन निघाली की वाद ठरलेला. महागडी 'रिझर्व्ह' खरंच वेगळी लागते, की लेबलच बोलतं? आम्ही पडलो इंजिनियर, म्हणून आधी व्हेरिएबल वेगळे केले.

उदाहरण घरचंच घेऊ. कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. त्यांची 'शिराझ कॅबर्ने' हे दोन द्राक्षांचं मिश्रण. 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' ओकच्या पिंपात मुरवलेली. या दोन शेजारी ठेवल्या तर द्राक्षं आणि पिंप दोन्ही बदलतात, मग फरक कशाचा ते कसं कळणार? त्यापेक्षा एकाच लेबलच्या दोन वेगळ्या सालांच्या बाटल्या घ्याव्यात. नाशिकला तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. त्या सुमारास अवकाळी पाऊस झाला की त्या वर्षीच्या द्राक्षांवर परिणाम होतो.

साल एकच असलं तरी बाटली फरक करते. ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत वाइनच्या मानाने हवा जास्त, त्यामुळे ती ७५० मिलीपेक्षा लवकर मुरते. कॉर्क बिघडला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, फिरकीच्या बुचात हा धोका फारसा नाही. आणि जुलैत गाडीच्या ट्रंकमध्ये राहिलेल्या बाटलीबद्दल तर बोलायलाच नको!

आता परीक्षा. बाटल्या कागदी पिशव्यांत झाकायच्या आणि प्रत्येकाला तीन ग्लास द्यायचे: दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता, एवढंच विचारायचं. ओतणाऱ्याने खेळायचं नाही, त्याचा चेहरा सगळं सांगून टाकतो. नुसत्या अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. सहा जणांत चौघांनी ओळखला तरी हुरळून जाऊ नका, तसं किंवा त्याहून चांगलं निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता १० टक्के आहे. पाच किंवा सहाही जणांनी ओळखला तर ती जेमतेम २ टक्के, मग फरक खरा मानायला हरकत नाही. तो फरक जास्तीच्या डॉलरांच्या लायकीचा आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दोन्ही बाटल्या सारख्याच थंड हव्यात, १६ ते १८ अंश सेल्सिअस. हीटिंग लावलेल्या घरात त्या आधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवाव्यात. मटणाचा रस्सा मात्र नंतर, तिखटाने जीभ बधिर झाली की सगळ्याच शिराझ सारख्या. घरी गाडी चालवणाऱ्याने ओतायचं काम घ्यावं.