चारशे वर्षांनंतरही अंबर परकाच

मे 2026 म्हणजे मलिक अंबरच्या मृत्यूला 400 वर्षं. औरंगाबाद की छत्रपती संभाजीनगर, या शहराच्या नावावरून आपण घसा कोरडा केला. 1610 मध्ये खडकी या नावाने तेच शहर वसवणाऱ्या या हबशाची आठवण मात्र फारशी कुणाला झाली नाही.

अंबरवर लिहिलं गेलं नाही असं नाही. राधेश्यामांचं चरित्र 1968चं, तामसकरांचं 1978चं. महसूल, मोहिमा, तह. भर भक्कम, पण माणूस दिसत नाही. तो दिसला 2005 मध्ये, रिचर्ड ईटनच्या दख्खनच्या सामाजिक इतिहासात. इथिओपियातला विकलेला पोरगा, मालक मेल्यावर मोकळा झालेला शिपाई आणि शेवटी निजामशाहीचा सूत्रधार. हबशी लष्करी गुलामी ही एक व्यवस्था होती, हे तिथे नीट कळतं. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाने भारतातल्या आफ्रिकींवर प्रदर्शन भरवलं, 2016 मध्ये उमर अलींचं पुस्तक आलं.

त्या दशकात आम्ही इथले अभ्यासक काय करत होतो? अंबरने शहराला पाणी आणायला बांधलेल्या नहरीवर निबंध वाचत होतो! तेच खापरी नळ, तोच भडकल दरवाजा. एका परिसंवादात मी अंबरच्या वर्णाचा विषय काढला, तर अध्यक्ष म्हणाले, ‘वाद नको, स्थापत्यावर बोला.’ मुघल बादशहा जहांगीराला मात्र वर्णाचं वावडं नव्हतं. अंबरच्या काळेपणावरून त्याने शिव्या लिहून ठेवल्या आणि त्याच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतोय, असं चित्र अबुल हसनकडून काढून घेतलं. रणात न जमलेलं कागदावर उरकलं.

खाण्याचंही तेच. इथला नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, म्हटलं की 1327, दौलताबादला आलेलं तुघलकाचं लष्कर आणि जमिनीतल्या भट्ट्या ही गोष्ट गावात प्रत्येकाला पाठ. पुरावा कोण मागतो? आणि ज्या अंबरने मराठी बारगिरांना हाताशी धरून मुघलांची रसद तोडली, भातवडीला 1624 मध्ये तलाव फोडून शत्रूची छावणी चिखलात घातली, त्याचे स्वतःचे शिपाई काय खात? इंग्रज व्यापारी विल्यम फिंच 1610च्या सुमारास अंबरच्या फौजेबद्दल लिहितो, दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी. एवढ्या फौजेत कोण कुणाच्या पंगतीला बसत होतं?

वर्ण, अन्न आणि फौज यांची आपण तीन खाती केली, म्हणून एकाचाही हिशेब लागला नाही. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी नहरीवरचा पुढचा प्रबंध मंजूर करण्याआधी एखाद्या विद्यार्थ्याला फारसी शिकवावी आणि अंबरच्या छावणीतला मुदपाकखाना शोधायला धाडावं.