एका ग्रॅमवर हजार चौरस फूट

मुलुंडहून कर्जतच्या दिशेने निघाले की वाटेत अंबरनाथ लागते. तिथल्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा फ्युएल सेल विकसित केला. ८ मार्च २०२१ रोजी त्याच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. एरवी डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटरी चार्ज करण्यासाठी पृष्ठभागाजवळ यावे लागते; फ्युएल सेलमुळे ती पाण्याखाली अधिक काळ राहू शकते.

अशा सेलमध्ये हायड्रोजनचे प्रोटॉन आम्लातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन तारेतून वीज बनून वाहतात आणि ऑक्सिजनशी मिळून पाणी तयार होते. ही अभिक्रिया घडवतो प्लॅटिनम. तो महाग, आणि काम करतो फक्त त्याचा पृष्ठभाग. म्हणून त्याचे दोन ते पाच नॅनोमीटरचे कण कार्बनच्या भुकटीवर पसरवतात. हेच नॅनोकंपोझिट. तीन नॅनोमीटरचे कण केले, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ९० चौरस मीटर होतो, म्हणजे उपनगरातल्या ऐसपैस टू-बीएचकेएवढा! कार्बन या कणांना वेगळे धरतो आणि वीजही वाहून नेतो.

मात्र कालांतराने कण एकत्र येतात, कार्बन झिजतो, शक्ती घटते. अशाच कणांच्या फ्युएल सेलवर चालणारी हायड्रोजनची बस सामान्यांच्या सेवेत परवडेल का, हे बऱ्याच अंशी या कणांच्या टिकाऊपणावरच ठरणार आहे.