शीड, वारा आणि भरती

मुंबई बेटाच्या पूर्वेस जें बंदर आहे, त्यास खुल्या समुद्राच्या लाटांची झळ फारशी पोंचत नाहीं. म्हणूनच पावसाळा सरला कीं तेथें सुटीच्या दिवशीं शिडाच्या नौकांच्या शर्यती रंगतात. १८४६ सालीं स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब याच बंदराकाठचा. पालघर-तारापूरचा किनारा मात्र थेट पश्चिमेस उघडा. तेथें आडोसा मिळतो तो खाड्यांतच, आणि ओहोटी लागली कीं खाडींतील पाणीही उतरतें.

यामुळें शर्यतींत जें कौशल्य हौसेनें साधलें जातें, तेंच सातपाटी-तारापूरच्या कोळ्यास पोटासाठीं साधावें लागे. वारा समोरून असतां शिडाची नौका सरळ जाऊं शकत नाहीं. ती एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे तिरपी वळत पुढें सरकते. वारा तिला आडवी लोटूं पाहतो. पाण्यांत बुडालेला तिचा कणा तें होऊं देत नाहीं. निरभ्र ऋतूंत पहाटेचा मतलई वारा तिला बाहेर नेई, दुपारचा खारा वारा परत आणी. तथापि भरतीची वेळ चुकली, तर घर डोळ्यांसमोर असूनही खाडीबाहेर तिष्ठावें लागे. भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येते. हें गणित तिथीवरून मांडलें जाई.

शर्यतींत वेळ चुकली तर क्रमांक जातो. येथें मासळी नासे, कधीं जिवावरही बेते. यंत्रानें आतां वाऱ्याची अडचण दूर केली आहे. भरतीचें वेळापत्रक मात्र अजून चंद्राच्याच हातीं आहे.